त्यात काय एवढं!

क्रिकेट, नाटक आणि राजकारण या तीन विषयांत आपला हात धरणारा कोणी नाही, असं निदान मराठी माणसाचं तरी ठाम मत आहे. या यादीत चौथा विषय घालायचा राहून गेला आहे, तो म्हणजे घरातलं विजेचं काम. दाढ दुखायला लागली तर आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो, शेजारच्या काकांपुढे 'आ' वासून उभे राहत नाही. सत्यनारायणाची पोथी आपल्यालाही वाचता येते, तरी पूजेला गुरुजी लागतात. डोक्यावर उरलेसुरले शंभर-दीडशे केस असले तरी ते कापायला माणूस लागतो. पण २३० व्होल्टची वायर भिंतीतून डोकावताना दिसली, की घरातला कर्ता पुरुष लुंगी खोचतो, स्टूल ओढतो आणि म्हणतो, "त्यात काय एवढं! दोन वायरी तर जोडायच्या!"

'त्यात काय एवढं' या तीन शब्दांइतकं घातक वाक्य मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे, आणि मी ते चारचौघांत भांडून मांडायला तयार आहे.

प्रत्येक इमारतीत एक टेस्टरकाका असतात. आमच्याही आहेत. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. बाकीची हत्यारं म्हणजे उन्हाने चिकट झालेली काळी पट्टी आणि स्वतःचे दात. वायर सोलायला ते दातच वापरतात. घरातला दिवा गेला की त्यांना निरोप जातो. ते येतात, टेस्टर खुपसतात, आतला चिमुकला दिवा लागतो, आणि कुंडली मांडून झालेल्या ज्योतिषाच्या आवाजात ते सांगतात, "करंट आहे!" घरातली मंडळी कृतार्थ होतात. आता टेस्टर सांगतो ते एवढंच, की इथे फेज आहे. ती कुठून आली, तिची परतीची वाट शाबूत आहे का, वायर किती जाडीची, सांधा घट्ट आहे की सैल, यातलं अक्षरही त्याला ठाऊक नसतं. मनगट धरून 'माणूस जिवंत आहे' एवढंच सांगणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग यांनाच इलेक्ट्रिशियन का म्हणायचं?

बरं, काकांनी जोडलेला दिवा लागतो. हीच खरी पंचाईत आहे. चुकीचं जोडलेलं दिसत नाही, कारण तेही चालतं. बटण फेजवर असायला हवं, ते काकांनी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बटण दाबलं की दिवा लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. सगळे खूश. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जिवंतच असते, आणि बटण बंद केलं आहे या भरवशावर कोणीतरी त्यात बोट घालतं. आताचे एलईडी दिवे अशा घरात कधीकधी रात्रभर मिणमिणत चुगली करतात. त्यावर काकांचं उत्तर असतं, "चायनाचा माल, दुसरं काय!"

सैल सांध्याचं गणित तर चौथीच्या मुलालाही जमेल. सांध्यात एक ओहम एवढा जरी विरोध शिल्लक राहिला आणि त्यातून गिझरसाठी दहा अँपिअर वीज गेली, तर दहा गुणिले दहा गुणिले एक, म्हणजे शंभर वॅट उष्णता त्या एका टिचभर जागी तयार होते. म्हणजे भिंतीत, प्लास्टिकच्या डबीत, काळ्या पट्टीत गुंडाळून आपण शंभराचा बल्ब पेटता ठेवला! शिवाय या बल्बला बटण नाही. तीन हजार वॅटचा गिझर तेरा अँपिअर ओढतो. त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट आणि त्या जाडीची वायर हवी. पण रेडिओसाठी टाकलेल्या वायरीवर गिझर चालवून दाखवणं यातच काकांचं कसब. आणि फ्यूज सारखा उडतो अशी तक्रार केली, तर ते त्यात तांब्याची चांगली जाडजूड तार भरून देतात. "आता जन्मात उडायचा नाही!" खरंच उडत नाही. फ्यूज हा घरातला एकच समजूतदार प्राणी, जो वेळेवर बेशुद्ध पडून बाकीच्यांना वाचवतो. त्यालाही आपण जागं राहायची शिक्षा देतो.

माझ्या एका मावसभावाच्या घरी फ्रिजला हात लावला की मुंग्या येत. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की पाहुण्यांना 'चपला घालून उघडा हं' असं आतिथ्यपूर्वक सांगत. शेवटी वहिनींनी हट्ट धरून शिकलेला माणूस बोलावला. त्याने पाच मिनिटं तपासून सांगितलं, "साहेब, घरात अर्थिंगच नाही."

"असं कसं? सॉकेटला तीन भोकं आहेत की!"

"भोकं आहेत हो साहेब. तिसऱ्याच्या मागे वायर नाहीये."

चौकशीअंती उलगडा झाला. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी असतं तसं इथेही अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेलं होतं. मध्यंतरी प्लंबरने तो पाइप काढून प्लास्टिकचा बसवला. पाणी उत्तम येऊ लागलं आणि विजेची जमिनीत जायची वाट बंद झाली. प्लगची ती तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, याचा विचार कोणी करत नाही. ती सर्वांत आधी आत शिरावी आणि सर्वांत शेवटी बाहेर पडावी म्हणून तशी केलेली आहे. लग्नघरातल्या थोरल्या काकूंसारखी. आपण तिला पकडीने मोडून टाकतो, नाहीतर प्लगच फेकून देऊन उघड्या वायरी काडीपेटीच्या काड्यांनी भोकांत खोचतो. गणपतीच्या आराशीत ही कला विशेष बहरते.

कायद्याने मात्र आपल्याला बरोबर ओळखलेलं आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम सांगत होता, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणं, तेही मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तर, एवढंच घरच्या घरी करा. बाकीचं काम परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून आणि लायकीचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्या. २०१० साली नवे विनियम आले, २०२३ साली ते पुन्हा नवे झाले, पण गाभा तोच राहिला. म्हणजे बल्ब बदलण्यापुरता सरकारचा आपल्यावर विश्वास आहे. मला तर यात सरकारचा मनाचा मोठेपणाच दिसतो.

"पण आयटीआयवालेही चुका करतात की!" असं कोणी म्हणेल. करतात ना. नव्या कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टवर घर न बघता सही ठोकणारे परवानाधारकही काही ठिकाणी आहेत, आणि त्यांचे परवाने काढून घ्यावेत असंच मी म्हणेन. पण ज्याच्याकडे परवाना आहे त्याचाच काढून घेता येतो. टेस्टरकाकांकडून काय काढून घेणार? टेस्टर?

आणि आता पैशांचं. हॉटेलात चौघांनी जेवून हजाराच्या वर बिल झालं की आपण वर बडीशेप चघळत टिप ठेवतो. पण वायरमनने तीनशे सांगितले की आपला स्वाभिमान जागा होतो. "पाच मिनिटांचे तीनशे?" अहो, ते पाच मिनिटांचे नव्हेत. आयटीआयमध्ये तो दोन वर्षं शिकला, नंतर उन्हातान्हात शिड्या चढला, म्हणून तुमच्याकडे पाच मिनिटं लागली. काकांना तीन तास लागतात, वर चहा दोनदा.

या माणसाने सुचवलेला आरसीसीबी नावाचा डबा बसवायलाही आपण कुरकुरतो. हा डबा म्हणजे चोख कारकून. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ताळा तो सतत करत असतो, आणि तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुकान बंद करतो. कारण तूट आली याचा अर्थ वीज भलत्या वाटेने, बहुधा कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत चालली आहे. तीस मिलिअँपिअर म्हणजे किती? आपला झीरोचा बल्ब नावाने झीरो असून पंधरा वॅटच्या आसपास खातो, म्हणजे साधारण पासष्ट मिलिअँपिअर. त्याच्या निम्म्याहून कमी! "एमसीबी आहे की आमच्याकडे," असं सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. आणि हा कारकून वारंवार दुकान बंद करू लागला तर काका काय करतात? "सारखं पडतंय, काढूनच टाकू."

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथे संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे २०१९, २०२० आणि २०२१ या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात शेतातले पंप आले, रस्त्यावरच्या तारा आल्या, तशी घरंही आली. काकांना काही होत नाही. ते रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर उभे असतात. यजमान लांबून बॅटरी दाखवत असतात. त्यांनी जोडलेली वायर आठ महिन्यांनी गाठते ती धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना, कारण ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने फ्रिज पुसायला त्याच येतात. नाहीतर मोबाइलचा चार्जर लावायला धावणाऱ्या नातवाला. जोखीम घेणारा एक आणि ती सोसणारा दुसराच, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून 'माझं घर, मी काहीही करीन' हे मला मान्य नाही. भिंती तुमच्या असतील, फ्रिजचं हँडल सगळ्यांचं आहे.

तेव्हा एवढंच करा. २००५ साली मंडळाची वाटणी होऊन महावितरण झाली, तरी आपल्या तोंडी अजून 'बोर्डाचा वायरमन'च आहे. पण मीटरपर्यंत तो, मीटरच्या पुढे आपण, हे ध्यानात ठेवा. माणूस बोलावताना 'दादा, परवाना कोणाचा?' असं न लाजता विचारा. त्याने मेन बंद केल्याशिवाय हात घातला तर त्याला नमस्कार करून दुसरा शोधा. काम झाल्यावर बिल मागा आणि सांगितलेले पैसे तोंड वाकडं न करता द्या. मेन बंद असताना अर्धा तास पंखा चालणार नाही, तेवढा वेळ गप्प बसा. आपले पणजोबा जन्मभर तसेच बसले होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही फ्रिजचा शॉक बसल्याचं ऐकिवात नाही.