जेसीबीनं सपाट केलं, पण घट्ट कुणी केलं? उतारावरच्या भरावाचा पावसाळ्याआधीचा हिशेब

मे महिना म्हणजे डोंगरी तालुक्यांत बांधकामाचा महिना. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ, आंबेगाव, जुन्नर, कुठल्याही वाडीवर जा, जेसीबीचा आवाज येतोच. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी जुनं कौलारू पाडून स्लॅबचं बांधतोय, कुणी रस्त्याकडेला हॉटेल टाकतोय, तर कुठं शहरातल्या गिऱ्हाइकासाठी डोंगराच्या कडेला प्लॉट पाडले जातायत. सगळ्यांना जागा सपाट पाहिजे, आणि डोंगरात सपाट जागा मुळातच कमी.

मग काम एकाच पद्धतीनं होतं. जेसीबी उताराची वरची बाजू तोडतो आणि निघालेली माती, मुरूम, दगड, झाडाच्या मुळ्या सगळं खालच्या बाजूला लोटतो. दोन-चार तासांत अंगण तयार. बकेटनं वरून चार थापा मारल्या की मालक खूश, ड्रायव्हर पुढच्या कामाला मोकळा. पाऊस पडेपर्यंत सगळं ठीक दिसतं.

अडचण इथंच आहे. जेसीबीचं भाडं तासावर असतं आणि जागा सपाट दिसली की तास थांबतात. माती दाबण्याचा वेळ कुणाच्याच हिशेबात नसतो. घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अशी केंद्राची मूळ रक्कम. उतार असो की सपाटी, हप्ते कामाच्या टप्प्यांवर मिळतात. त्यामुळे जोतं लवकर दिसावं अशी घाई असते. जमिनीखाली केलेलं काम फोटोत दिसत नाही, म्हणून पहिली काटछाट तिथंच होते.

वजन किती, ते बघा

समजा भरावाची बाजू ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि खालच्या कडेला पुरुषभर, म्हणजे ६ फूट उंच आहे. हा भराव २,४०० घनफुटांचा, म्हणजे २४ ब्रासचा झाला. एक ब्रास मुरूम भिजल्यावर पाच टनांच्या आसपास जातो. म्हणजे सव्वाशे टनांच्या जवळपास ओझं उताराच्या पाठीवर नुसतं ठेवलेलं असतं. अजून घराचं वजन वेगळंच.

सैल मातीत पोकळ्या असतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्यात शिरतं आणि माती खाली बसते. पण घराची अर्धी बाजू तोडलेल्या टणक जमिनीवर आणि अर्धी भरावावर असेल, तर टणक बाजू जागेवर राहते आणि भरावाची बाजू खचते. मग भिंतीला तिरपी चीर जाते, दाराची चौकट अडकते. गवंड्याला शिव्या बसतात, सिमेंटला दोष दिला जातो. खरा दोष बऱ्याचदा पायाखालच्या मातीचा असतो. आणि पाणी साठतच राहिलं, तर भराव नुसता खचत नाही, चिखल होऊन खालच्या घरांवर येतो.

सगळ्याच दरडी देवाच्या नसतात

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं. महाड तालुक्यातल्या तळीयेवर २२ जुलै २०२१ ला दरड आली. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. या मोठ्या दुर्घटनांत वरचा डोंगर अतिवृष्टीनं सुटून आला. अख्खा डोंगर धरून ठेवणं कुणा एका घरमालकाच्या हातात नाही. पण आपल्याच अंगणाखालचा भराव आपण टाकलेला असतो. तो घसरला, तर ते संकट माणसानंच तयार केलेलं असतं, आणि म्हणूनच ते टाळताही येतं.

याचा धडा हाँगकाँगनं फार महागात घेतला. १९७२ साली आपल्याकडं दुष्काळ होता, तिकडं अतिवृष्टी. १८ जूनला सॉ माऊ पिंग भागात रस्त्यासाठी टाकलेला भराव पावसानं चिखल होऊन खालच्या वस्तीवर आला, ७१ माणसं गेली. चार वर्षांनी, २५ ऑगस्ट १९७६ ला, त्याच भागात दुसरा भराव कोसळला आणि १८ जण मेले. चौकशीत दिसलं की माती वरून नुसती ओतली होती, दाबलीच नव्हती. तज्ज्ञांनी सांगितलं, अशा भरावाची वरची किमान ३ मीटर, म्हणजे दहा फूट माती काढा, थराथरानं दाबून परत टाका आणि पाण्याला वाट द्या. १९७७ मध्ये तिथल्या सरकारनं उतारांवर देखरेखीसाठी स्वतंत्र कार्यालयच काढलं.

आपल्या माणसांना हे नवं नाही

त्याच १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडं पाझर तलावांची आणि बंधाऱ्यांची कामं निघाली. मातीचा बांध घालायचा तर थर टाका, पाणी मारा, दाबा, मग पुढचा थर, हे त्या कामांवर गेलेल्या जुन्या माणसांना माहीत आहे. घरातली जमीनसुद्धा पूर्वी धुम्मस घेऊन चोपली जायची. तलावाच्या बांधाला जी काळजी घेतली, ती घराच्या भरावाला घेतली जात नाही. कारण आता माती टाकणं सोपं झालंय, दाबणं मात्र तेवढंच कष्टाचं राहिलंय.

पद्धत अवघड नाही. आधी भराव जिथं बसणार ती जागा साफ करायची. गवत, झुडपं, मुळ्या, वरची भुसभुशीत माती काढायची. गवतावरच माती ओतली तर ते कुजतं आणि मधे घसरणीचा थर तयार होतो. मग मूळ उताराला पायऱ्या पाडायच्या. भातखाचरं पाडतात तशाच, आतल्या टणक जमिनीपर्यंत. पायऱ्यांमुळे भराव उताराला धरून बसतो. उतारात झरा किंवा ओल दिसली, तर भरावाआधी त्याला दगडगोट्यांचा चर करून बाहेर वाट काढायची.

माती खालून वर टाकत यायची. एक थर सैल असताना वीतभर, म्हणजे आठ-नऊ इंच. दाबल्यावर तो सहा इंचांच्या आसपास राहतो. म्हणजे ६ फुटांच्या कडेला बाराएक थर लागतात. एकदम तीन फूट टाकून वरून रोलर फिरवला, तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा तसाच पोकळ राहतो. काळी माती भरावाला वापरू नये, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. मुरूम बरा. कचरा, लाकूड, मोठे धोंडे नकोत.

ओल किती असावी, ते मुठीत कळतं. माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि वरून टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर. गोळाच होत नसेल तर पाणी मारा. तळहात चिखलानं भरला तर एक-दोन दिवस सुकू द्या. इंजिनिअर लोक यासाठी प्रॉक्टर चाचणी करतात आणि घराखालच्या भरावाला सर्वसाधारणपणे ९५ टक्के घट्टपणा मागतात. वाडीवर प्रयोगशाळा नाही, पण टोकदार सळई हातानं सहज फूटभर आत गेली तर थर दाबलेला नाही, एवढं कुणालाही बघता येतं. छोट्या कामाला भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, मोठ्याला रोलर.

काम चालू असताना जिवाला जपायचं. रोलर किंवा भरलेली ट्रॉली भरावाच्या अगदी कडेला न्यायची नाही. कड सुटली की मशीन ड्रायव्हरसकट खाली जातं. खाली वस्ती किंवा पायवाट असेल तर तिथं माणसं ठेवायची नाहीत. वर तोडलेल्या उभ्या कड्याखाली जेवायला, झोपायला बसायचं नाही. पाऊस पडला की भराई थांबवायची.

घर कुठं बसतं आणि पाणी कुठं जातं

भराव कितीही चांगला दाबला, तरी घराचे कॉलम भरावातून खाली मूळ टणक जमिनीपर्यंत न्यावेत. भरावावर अंगण, खळं, गाडीची जागा ठेवावी. भरावाची उघडी बाजू उभी सोडू नये. एक फूट उंचीला दोन फूट पसारा, असा उतार द्यावा. जागा नसेल तर संरक्षक भिंत लागते, पण तिला पाणी निघायला भोकं आणि मागं दगडगोटे हवेत. पाणी कोंडलं की भिंतच ढकलली जाते. पुरुषभर उंचीच्या वरचं काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करूच नये.

पाण्याची एक गोष्ट सगळे विसरतात. घरोघर नळ आले, तसं सांडपाणी वाढलं. शोषखड्डा आणि संडासाचा खड्डा खणायला सोपा म्हणून नेमका भरावातच घेतला जातो. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा भरावाला पाणी पाजणं चालू. हे खड्डे भरावापासून लांब, मूळ जमिनीत असावेत. पागोळ्यांचं पाणी पन्हाळीनं बाजूला काढावं, आणि घराच्या वरच्या अंगाला चर मारावा.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर तोडणी-भराईला निर्बंध आहेत. म्हणजे पाच फूट चाललं की एक फूट चढ. गवंड्याच्या पाणीनळीनं हे अर्ध्या तासात मोजता येतं. वर दिलेलं ६ फुटांच्या कडेचं उदाहरणही त्याहून तीव्र उताराचं आहे. पण मोजतो कोण? ग्रामपंचायतीनं परवानगीच्या वेळी एवढं मोजलं आणि खाली कुणाची घरं आहेत ते बघितलं, तरी बरंच टळेल. प्लॉट विकणारा पैसे घेऊन जातो, भरावाखालचं गाव मात्र तिथंच राहतं.

ज्यांचा भराव आधीच पडलाय त्यांनी पावसाळ्याआधी कडेला समांतर भेगा, जोत्याची चीर, कललेले खांब बघावेत. भेगा मातीनं बुजवून वरचं पाणी वळवावं. भर पावसात भेग रुंदावली किंवा पायथ्यातून गढूळ पाणी येऊ लागलं, तर सामान आवरत बसायचं नाही. आपल्या आणि खालच्या घरातली माणसं आधी बाहेर काढायची, मग तलाठ्याला आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या नंबरला कळवायचं.