आरोग्याच्या निधीला कात्री नको

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांत हजारो कंत्राटी कामगार राबतात. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विमा योजनेचे संरक्षण असते. वेतन त्यापुढे गेले किंवा काम सुटले की ते संपते. शेतमजूर आणि टपरीवाले तर त्यात नसतातच. घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा कुणाचे मूत्रपिंड निकामी झाले, तर अशा कुटुंबांना आधार दोनच: सरकारी रुग्णालय आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.

ही योजना २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबे तिच्या कक्षेत आली आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही निःशुल्क झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्हच आहेत. पण लाभार्थी वाढवून तिजोरी आहे तेवढीच ठेवली, तर कागदावरचे पाच लाख रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत.

योजना बंद केली तर विधिमंडळात गदारोळ होतो. निधीला लागलेली कात्री मात्र सहसा कुणाला दिसत नाही. रुग्णालयांचे दावे थकतात, मग तेथे ‘खाट शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. परिचारिका निवृत्त होते आणि तिची जागा भरली जात नाही. औषधखरेदी लांबते आणि बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडते.

ही काटकसर शेवटी महागच पडते. जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मिळायला हव्यात. त्या खंडित झाल्या की काही वर्षांनी तोच रुग्ण पक्षाघात होऊन किंवा डायलिसिससाठी दाखल होतो. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागते. स्वस्त गोळ्यांवर वाचवलेला पैसा त्यात कितीतरी पटींनी जातो आणि कमावत्या माणसाचा रोजगार बुडतो तो वेगळाच.

राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ सांगते. त्यासाठीची मुदत २०२० होती. महाराष्ट्र आजही त्या पातळीच्या बराच खाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आरोग्यावरील खर्चाचा प्रश्न न्यायालयापर्यंत जाण्याआधी विधिमंडळातच विचारला जायला हवा.

आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आरोग्याचा वाटा ८ टक्क्यांवर नेण्याचे वर्षनिहाय वेळापत्रक सभागृहात मांडले जावे. रुग्णालयांचे दावे ठरलेल्या मुदतीत चुकते व्हावेत आणि थकबाकीचा आकडा दर तिमाहीला जाहीर व्हावा. औषधांचा निधी मार्चअखेरच्या घाईत न देता वर्षाच्या सुरुवातीलाच मिळावा. महसूल घटला तर इतर कामे वर्षभर पुढे ढकलता येतील. छातीत कळ आलेल्या कामगाराला पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबता येत नाही.