फायबर गावात आलं, मागच्या खोलीत कधी येणार?

कालव्याचं पाणी हेडला धो धो वाहतं आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल येतो, हे आपल्याला नवं नाही. आता गावोगावी इंटरनेटचंही तसंच होऊ लागलं आहे. फायबर दारापर्यंत येतं, ओसरीवर वेगही चांगला मिळतो. पण मागच्या खोलीत किंवा माडीवर गेलं की मोबाईलवर नुसतं चाक फिरत राहतं.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. खासगी कंपन्या आणि केबलवालेही खेड्यात जोडण्या देऊ लागले आहेत. दुसऱ्या बाजूनं शेतकऱ्याचं कागदपत्र मोबाईलवर गेलं. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षी महाडीबीटीवर कृषी योजनांची सोडत जाऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली. म्हणजे अर्ज चढायला उशीर झाला की नंबर मागं पडतो.

तक्रार केली की कंपनी म्हणते, लाईन चालू आहे. मोडेमपुरतं ते खरंही असतं. मोडेमपासून पुढचे पन्नास फूट मात्र कुणाच्याच जबाबदारीत नाहीत. मग शेतकरी काय करतो? महिन्याला जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घेतो. विहिरीला पाणी भरपूर आहे पण पाइप गळका आहे, आणि आपण मात्र मोटार बदलतो, अशातला हा प्रकार आहे.

म्हणून खर्चाआधी एक साधी तपासणी करावी. मोडेमजवळ उभं राहून मोबाईलवर वेग मोजावा आणि तसाच मागच्या खोलीत मोजावा. मोडेमजवळच वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा मोडेमचा. कंपनीकडे तक्रार नोंदवून नंबर घ्यावा. मोडेमजवळ चांगला आणि आत कमी असेल तर अडचण भिंतींची आहे. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंती, स्लॅबमधली सळई, पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, हे सगळं वायफायच्या लहरी अडवतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढं लवकर दमते.

यावर उपाय म्हणजे मेश वायफाय. दोन-तीन डबे असतात, नाव आणि पासवर्ड एकच. माणूस ओसरीवरून माडीवर गेला की मोबाईल आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. मात्र मेश घेतलं म्हणून कंपनीचा मोडेम काढता येत नाही. फायबरमधला प्रकाश ओळखण्याचं काम त्याचंच. मेशचा मुख्य डबा लॅन केबलनं त्यालाच जोडायचा असतो.

खरी गडबड इथंच होते. मोडेम आणि मेश दोघंही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटू लागतात. एका चारीवर दोन पाटकरी बसले की जो घोळ होतो, तोच. मोबाईलला प्रिंटर सापडत नाही, कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही. यातून दोन मार्ग आहेत. मेशच्या ॲपमध्ये जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ करावं. पत्ते वाटण्याचं काम मोडेमकडेच राहतं. साध्या घराला हे पुरतं. नाहीतर कंपनीला सांगून मोडेम ‘ब्रिज’ करून घ्यावा आणि जोडणीचं युजरनेम-पासवर्ड मेशमध्ये भरावं. मोडेमवर घरचा फोन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज करण्याआधी विचारून घ्यावं. कोणताही मार्ग घ्या, मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका. नाहीतर मोबाईल जुन्या, कमजोर वायफायलाच चिकटून राहतो.

दुसरा डबा कुठं ठेवायचा? जिथं वायफाय येत नाही तिथं नव्हे, तर मोडेम आणि त्या खोलीच्या साधारण मध्यावर. जिथं लहरच पोचत नाही, तिथला डबा पुढं काय देणार? त्याहून चांगलं म्हणजे दोन डब्यांमध्ये लॅन केबल ओढावी. बिनतारी जोडणीत वेग घटतो, केबलमध्ये तसा घटत नाही. ती १०० मीटरपर्यंत चालते. उघड्यावरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराचीच घ्यावी. डबे शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे सहसा जमत नाहीत.

भारनियमनाचं गणितही धरावं. वीज गेली तरी फायबर मरत नाही, मोडेम मरतो. मोडेम आणि प्रत्येक डबा इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर असला पाहिजे. आणि मेश हे घरासाठी आहे, शिवारासाठी नाही. विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्डचा ऑटो स्टार्टरच बरा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढं करावं. पंचायतीचा मोडेम कपाटात कोंडला असेल तर तो आधी बाहेर काढावा. संगणकाला थेट केबल द्यावी. तिथं वायफायची गरजच नाही. सभागृहात दुसरा डबा लावावा, म्हणजे चार शेतकरी तिथं बसून आपापला अर्ज भरतील. पासवर्ड मोडेमवर छापलेला तोच ठेवू नये. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करावं. दप्तराचा संगणक त्यात नको.

पंचायतीत जोडणी पोचली, एवढी नोंद झाली की योजनेचा आकडा पूर्ण होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र अर्ज चढला तरच काम झालं. टेलला पाणी पोचलं की नाही हे जसं आपण शेतात उभं राहून बघतो, तसंच पुढच्या ग्रामसभेत एकदा सभागृहाच्या शेवटच्या बाकावर बसून वेग मोजा आणि आलेला आकडा इतिवृत्तात लिहायला लावा.