आळंदीही हवी, पदवीही हवी

दहावी-बारावीचे निकाल लागले की बीड, परभणी, जालन्याकडच्या कितीतरी माळकरी घरांत वाद सुरू होतो. पोरगं म्हणतं, आळंदीला जाऊन ज्ञानेश्वरी, गाथा, गीता करायची आहे. वडील म्हणतात, आधी अकरावीची ॲडमिशन, नाहीतर आयटीआय. मामा-काका वडिलांची बाजू घेतात. गावात सप्ताहाला आलेले एखादे महाराज पोराची पाठ थोपटतात. वाद कितीही रंगला तरी एका मुद्द्यावर सगळ्यांचं जुळतं: दोन्ही करता येणार नाही, एक काहीतरी निवड. मला हा मुद्दाच मान्य नाही.

आधी परमार्थाच्या बाजूने येणारा आक्षेप घेऊ. ज्याला कीर्तनकार व्हायचं त्याने कॉलेजच्या भानगडीत पडू नये, त्याने निष्ठा पातळ होते, असं सांगितलं जातं. असं सांगणाऱ्यांनी स्वतःची परंपरा एकदा उघडून बघावी. नामदेव शिंपी, अरणचे सावतोबा माळी, तेरचे गोरोबा कुंभार, पंढरीचे नरहरी सोनार, सेना न्हावी. ज्यांच्या अभंगांवर ही मंडळी कीर्तन करतात, त्या संतांची नावं त्यांच्या धंद्यासकट आपल्या तोंडात आहेत. प्रपंचाचं काम सोडल्याशिवाय भक्ती होत नाही असं वारकरी संप्रदायाने कधीच म्हटलं नाही. उलट बाजूचं उदाहरण म्हणून तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलेली कर्जखतं दाखवली जातात. पण त्याच चरित्रात असंही सांगतात की धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याचे कागद त्यांनी भावाला देऊन टाकले आणि आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. दुष्काळात घरची माणसं गमावलेल्या, दुकान आणि सावकारी करून पाहिलेल्या संसारी माणसाचा तो निर्णय होता. सोळा वर्षांच्या पोराने शिक्षण सोडावं याला तो आधार होत नाही.

याहून मोठी गोष्ट पैशाची आहे, आणि ती बोलायला संप्रदायातली मंडळी कचरतात. कथा करून द्रव्य घेणारे आणि देणारे, दोघांनाही तुकोबांनी इतक्या कडक शब्दांत फटकारलं आहे की त्यात पळवाट उरत नाही. म्हणजे कीर्तनकाराचं पोट कीर्तनावर चालू नये, हा या परंपरेचाच दंडक आहे. मग पोट कशावर चालायचं? शेतीवर, दुकानावर, नोकरीवर. पूर्वी घरची जमीन होती, एक भाऊ औत धरायचा आणि दुसरा वीणा घ्यायचा. आता वाटण्या होऊन दोन-दोन एकर उरलेत आणि त्यातही पाऊस दगा देतो. अशा घरातला मुलगा चार वर्षं आळंदीत काढून हाती दुसरं काहीच न घेता परतला तर त्याच्यापुढे एकच रस्ता राहतो: तारखा मिळवणं, मानधन ठरवणं आणि ते वाढावं म्हणून कीर्तनात विनोदी किस्से वाढवत नेणं. आजच्या कीर्तनाबद्दल जी नाराजी जुने वारकरी बोलून दाखवतात, तिचं मूळ मला इथे दिसतं. पदवी किंवा हातातलं कसब कीर्तनकाराला स्वतंत्र ठेवतं. ज्याचा महिना बिदागीवर अवलंबून नाही, तोच गावच्या पुढाऱ्यासमोर उभा राहून तुकोबांचा कठोर अभंग निरूपणाला घेऊ शकतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. शिकलेली मंडळी म्हणतात, आधी करिअर, ज्ञानेश्वरी काय निवृत्तीनंतरही वाचता येते. वाचता येते, हे खरंच. पण आळंदीत नुसतं वाचन होत नाही. तिथे नऊ हजारांवर ओव्यांमधून वाट काढायला शिकवतात, प्रमाणं मुखोद्गत करून घेतात, चाली गळ्यावर बसवतात, पखवाजाचे बोल हातात उतरवतात. पहाटे काकडा, दिवसा पाठ, संध्याकाळी हरिपाठ. पाठांतर आणि गळा यांचं वय असतं, ते सोळा ते बावीसच्या आसपासचं आहे. साठीनंतर माणूस उत्तम वाचक होईल, अर्थही कदाचित जास्त खोल कळेल, पण विणेकऱ्याच्या पुढे उभं राहून दोन तास निरूपण करण्याची तयारी त्या वयात सुरू होत नाही. ‘नंतर कर’ म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा ‘करू नको’ म्हणणंच असतं.

‘त्याचा उपयोग काय’ असंही विचारतात. सभाधीटपणा येतो, स्मरणशक्ती वाढते, अशी उत्तरं देता येतील आणि ती खोटी नाहीत. पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. सातशे वर्षं खेड्यापाड्यातल्या माणसाला ज्या ग्रंथांनी विचार करायला शिकवलं, ते समजून घेऊन पुढे सांगणारी माणसं प्रत्येक पिढीत लागतात. एवढं कारण पुरे आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे: दोन डगरींवर पाय ठेवला की दोन्हीकडे अर्धवट. हे होतं, नियोजन नसलं की हमखास होतं. इंजिनिअरिंगची हजेरी आणि प्रॅक्टिकल सांभाळून आळंदीचा पूर्ण पाठ एकाच वेळी होणार नाही. पालखी प्रस्थान आणि कॉलेज उघडण्याचे दिवस एकमेकांवर येतात. म्हणून दोन्ही हवं असेल तर आधी क्रम ठरवला पाहिजे. ज्याला विज्ञान शाखेची पदवी घ्यायची आहे त्याने पदवी आधी करावी, सुट्ट्यांत पाठ धरावा आणि नंतर आळंदीला जावं. ज्याला मराठी, संस्कृत, तत्त्वज्ञान किंवा वाणिज्य चालणार आहे त्याला आळंदीत राहून शिकता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. दूरशिक्षणाच्या पदवीला रोजच्या तासाची हजेरी लागत नाही, ठरलेल्या दिवसांत परीक्षा द्यावी लागते. 2022 पासून तर विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्याही एका वेळी करायला मुभा दिली आहे. मग पदवी आणि पाठ एकत्र होत नाहीत हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आळंदीचं प्रमाणपत्र ही विद्यापीठाची पदवी नव्हे, नोकरीच्या अर्जात ते चालत नाही, हे मात्र घरच्यांनी पहिल्या दिवशीच समजून घ्यावं.

आणि हे जमतं याचा दाखला आळंदीतच आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या शिष्यांत एकविशीतले शंकर वामन दांडेकर होते. तेच पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते, तिथले प्राचार्य झाले, आणि त्याच वेळी सोनोपंत म्हणून कीर्तन-प्रवचन करत होते. त्यांनी संपादित केलेली सार्थ ज्ञानेश्वरी आजही घराघरांत आहे. विद्यापीठातली शिस्त त्या संपादनात उतरली आणि वारकऱ्याचा जिव्हाळाही उतरला. याहून जुना दाखला एकनाथांचा. पैठणचा हा मुलगा देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. त्यांच्याकडे नाथ अध्यात्म शिकले आणि दफ्तराचे हिशेबही त्यांनीच सांभाळले. रात्रभर जागून चूक शोधण्याची त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातला विद्यार्थी एकाच छपराखाली दोन्ही विद्या घेत होता, हे ध्यानात घेत नाही.

माझं मागणं घरच्यांकडे आहे, तसंच संस्था चालवणाऱ्यांकडेही आहे. आळंदीत आज लहान-मोठ्या अनेक खासगी संस्था आहेत, मुलींसाठीही काही आहेत. मुलाला किंवा मुलीला तिथे ठेवण्याआधी आईवडिलांनी स्वतः जाऊन राहण्याची जागा, जेवण, सुरक्षितता बघावी आणि एक प्रश्न नक्की विचारावा: पोराला परीक्षेला सोडाल का? जी संस्था नाही म्हणेल तिथे मूल ठेवू नये. संस्थाचालकांनी पाठाच्या वेळापत्रकात रोजचे दोन तास शाळा-कॉलेजच्या अभ्यासाला राखावेत आणि परीक्षेच्या काळात सप्ताहाच्या पंगतीत वाढायला विद्यार्थ्यांना पाठवू नये. हे करायला सरकारी परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. येत्या जूनपासून करा.