हॉल नको, मंडई बघा!

होस्टेलात बँड सुरू होणं काही कठीण नाही. एकाकडे गिटार असते, दुसऱ्याकडे कीबोर्ड, तिसरा मेसच्या टेबलावर ताल धरून सगळ्यांचं डोकं उठवतो आणि चौथ्याला आपण गातो असं वाटत असतं. झाला बँड! पण वाजवायचं कुठे? गॅदरिंगमध्ये दोन गाणी मिळतात, तीही अँकरने वेळ खाल्ला नाही तर. मग वर्षभर गच्चीवर सराव, आणि प्लेसमेंटचे दिवस आले की बँड खलास. असे किती बँड संपले ते सीनियर्सना विचारा.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे नागपूर. वसंतराव देशपांडे सभागृह बघू, सायंटिफिक बघू. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह २०१७ साली सुरू झालं, खुर्च्या जवळजवळ दोन हजार. त्यात आपले साठ मित्र कसे दिसतील, सांगा! शिवाय भाडं, अनामत, साऊंडवाल्याचा टेम्पो आणि रात्री मौद्याला परत यायची कटकट. माझं मत स्पष्ट आहे : हॉल शोधण्यापासून सुरुवात करणं हेच उलटं आहे. हॉलमध्ये माणसं आणावी लागतात. माणसं आधीच जमलेली असतात अशी जागा आपल्या शेजारी आहे. मंडई.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, ही भाजीची मंडई नव्हे. भाऊबीजेपासून पुढे काही आठवडे आपल्याकडे, भंडाऱ्याच्या बाजूला गावोगावी मंडई भरते. शेजारच्या गावाशी तारीख भिडू नये म्हणून प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरतं. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, दुपारभर दंडार नाहीतर खडी गंमत आणि रात्री नाटक. खडी गंमतीला स्टेजही लागत नाही. कलावंत उभ्यानेच गातात, म्हणून ‘खडी’. ढोलकी, डफ, टुणटुणं एवढ्यावर शाहीर गर्दी धरून ठेवतो. ‘दुय्यम’ असेल तर दोन शाहिरांचे सवाल-जवाब रंगतात. आणि आपल्याला एक माईक बंद पडला तरी घाम फुटतो!

पूर्वेकडे झाडीपट्टीच्या नाटकांची व्यवस्था तर कॉमर्सवाल्यांनी अभ्यासावी अशी आहे. वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ठाणी. गावचं मंडळ रक्कम ठरवून नाटक बोलावतं, मंडप आणि तिकिटं मंडळ बघतं, कंपनी येऊन रात्रभर नाटक करते. जागेची चिंता कलावंताच्या डोक्यावर नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही कुठल्या एसी सभागृहाच्या जोरावर नव्हे.

म्हणून बँडवाल्यांनी दसऱ्याच्या सुमारास, पत्रिका छापायच्या आधी, गावच्या मंडळाकडे जावं. दोन कार्यक्रमांच्या मधला अर्धा तास मागावा. बिछायत केंद्राचा मंडप आणि माईक तिथे असतोच, आपल्याला फक्त दोन पॉइंट जास्त लागतील. पहिल्या वर्षी पैशाचं नावही काढू नये. “भाऊ, तुमचे गाणे आमच्या बाया-माणसायले समजन का?” असं कोणी विचारलं तर राग मानू नये. प्रश्न रास्त आहे. निम्मी गाणी मराठी हवीत, शब्द ऐकू यायला हवेत. दुपारचा कार्यक्रम असल्याने आणखी एक फायदा : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, ती धास्ती दुपारी नाही. आवाजाची मर्यादा दिवसाही आहेच, तेव्हा अँप फुल करू नये.

अडचण एकच, पण मोठी. मंडई सुरू होते तेव्हा होस्टेल रिकामं असतं आणि सुट्टीनंतर हिवाळी परीक्षा डोक्यावर. मौदा-भंडारा-रामटेकची मुलं घरीच असतात, त्यांनी पुढाकार घ्यावा. बाकीच्यांनी निदान एक रविवार काढावा.

मंडईत उभं राहायचं तर आधी थोडी सवयही हवी, म्हणून सरांना एक विनंती. महिन्यातून एका शनिवारी मेस हॉल सात ते नऊ द्या. कॉपीराइटची भीती कोणी घातली तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ दाखवता येईल. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी केलेला कार्यक्रम, प्रेक्षकही तेच आणि पालक असतील, तर त्याला सूट आहे. टेबलं आम्ही उचलू, झाडूही आम्हीच मारू. ड्रम किट कोणाच्या खोलीत ठेवायचं, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही.