ग्रॅम सांगण्याआधी घड्याळ विचारा

रमजान जवळ आला की रत्नागिरी, महाड, मुंब्रा भागातल्या आहारतज्ज्ञांच्या आणि जिम ट्रेनरांच्या मोबाईलवर सौदी अरेबियातून प्रश्न येऊ लागतात. कोकणातली मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आखातात कामाला आहेत. जुबैल आणि यान्बूचे कारखाने, दम्माम-खोबरची वर्कशॉप, रियाध-जेद्दातली दुकानं आणि कार्यालयं, सगळीकडे आपली माणसं आहेत. त्यांच्याबरोबर पुण्या-नाशकाकडचे, विदर्भातले इंजिनिअर आणि त्यांचे संसारही आहेत. प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, व्यायाम झाल्यावर लगेच किती प्रोटीन घ्यायचं? एक स्कूप की दोन?" आपलं उत्तरही ठरलेलं असतं: अर्ध्या तासाच्या आत एक स्कूप व्हे, पाण्यातून.

हे उत्तर देताना आपण समोरच्या माणसाचा दिवस विचारलेला नसतो. म्हणून या महिन्याचं संपादकीय याच प्रश्नावर.

आधी आकडा. तो आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, पण त्याच्यामागे काय आहे हे पुन्हा पाहायला हवं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2009 साली झालेल्या प्रयोगात तरुणांना पायांचा व्यायाम करून अंड्याचं प्रथिन वेगवेगळ्या मात्रेत दिलं गेलं. 20 ग्रॅमपर्यंत स्नायूंची बांधणी वाढत गेली, 40 ग्रॅमला फारशी वाढली नाही. जिममधला '20 ग्रॅम' तिथून रूढ झाला. पुढे 2016 मध्ये स्टर्लिंग विद्यापीठातल्या अभ्यासात सगळ्या अंगाचा व्यायाम एकाच वेळी करून घेतला, तेव्हा 40 ग्रॅमने 20 ग्रॅमपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त परिणाम दाखवला. 2023 मध्ये मास्ट्रिक्टच्या गटाने एका वेळी 100 ग्रॅम दुधाचं प्रथिन देऊन पाहिलं. शरीराने ते वाया न घालवता बारा तासांहून अधिक काळ वापरलं. 'एका वेळी तिसापेक्षा जास्त प्रोटीन अंगी लागत नाही' हे वाक्य आपल्या तक्त्यांतून आता काढून टाकायला हवं.

व्यवहारात तरुण माणसाला व्यायामानंतरच्या जेवणात वजनाच्या दर किलोमागे 0.25 ते 0.3 ग्रॅम आणि साठीच्या आसपास 0.4 ग्रॅम, एवढं सांगितलं तरी पुरतं. सत्तर किलोच्या तरुणाला म्हणजे साधारण 18 ते 21 ग्रॅम. पण याहून मोठा आकडा अख्ख्या दिवसाचा आहे. मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 49 अभ्यास आणि 1,863 माणसांची माहिती एकत्र तपासली. वजनाच्या व्यायामाबरोबर रोज दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवली तर स्नायू वाढतात, त्यापुढे फायदा जवळजवळ थांबतो, असं त्यात दिसलं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही याच आकड्याचा उल्लेख आहे, आणि शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा असंही स्पष्ट म्हटलं आहे. व्यायाम न करणाऱ्या प्रौढासाठी संस्थेचा आकडा 0.83 ग्रॅम आहे.

अर्ध्या तासाच्या 'खिडकी'चं काय? शोनफेल्ड, अॅरॅगॉन आणि क्रीगर यांनी 2013 मध्येच दाखवलं की दिवसाचं एकूण प्रथिन सारखं धरलं की वेळेचा परिणाम उरत नाही. वजनं उचलल्यानंतर स्नायू किमान चोवीस तास अन्नाला जास्त प्रतिसाद देत राहतात. पार्किंगमध्ये उभं राहून शेकर हलवण्याची घाई कोणालाच करायची गरज नाही.

आता सौदीतला दिवस घ्या. 2016 मध्ये जाहीर झालेल्या 'व्हिजन 2030'मध्ये आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. 2017 मध्ये महिलांच्या जिमना परवाने मिळू लागले. त्याच वर्षी योगाला खेळ म्हणून मान्यता मिळाली आणि त्यासाठी झटलेल्या नौफ मरवाई यांना पुढच्या वर्षी भारताने पद्मश्री दिली. पूर्वी नवरा ऑफिसला आणि बायको कंपाउंडच्या चार भिंतींत, असं ज्यांचं आयुष्य होतं, त्या खोबर-रियाधच्या मराठी गृहिणी आज वजनं उचलतात. हा फार चांगला बदल आहे. आपल्याकडे येणारे प्रश्न त्यामुळेच वाढले आहेत.

पण तिथला कामाचा दिवस आपल्यासारखा नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. साइटवरचा माणूस त्यामुळे भल्या पहाटे निघतो. मग दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा काम, रात्री नऊनंतर जिम. रमजानात मुसलमान कामगारांची पाळी कायद्याने सहा तासांची होते आणि जेवणाचं सगळं घड्याळ रात्रीकडे सरकतं. मार्चच्या सुरुवातीला रियाधमध्ये रोजा साधारण तेरा तासांचा, म्हणजे खायला-प्यायला संध्याकाळी सहाच्या आसपासपासून पहाटे पाचच्या आतपर्यंतची रात्र. रमजान जूनमध्ये होता तेव्हा हाच रोजा पंधरा तासांच्या आसपास जाई. चांद्र वर्ष दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. त्यामुळे येती काही वर्षं तो थंडीतच येईल आणि 2030 साली तर जानेवारीत एकदा, डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा सुरू होईल. तक्ते नीट बसवायला ही वर्षं सोयीची आहेत.

अशा माणसाला 'व्यायामानंतर एक स्कूप' सांगून काय साधतं? त्याचा स्कूप होतो, आणि उरलेले ऐंशी-नव्वद ग्रॅम कुठून येणार हे कोणी विचारतच नाही. इफ्तारला समोसे, भजी, सरबत, खजूर यांनी पोट भरतं. तरावीहच्या नमाजानंतर भूक नसते. सहेरीला झोप मोडवत नाही म्हणून चहा-बिस्किटावर रोजा धरला जातो. महिना संपतो तेव्हा पोट सुटलेलं आणि दंड उतरलेले. दोष रोज्याला दिला जातो. ट्युनिशियाच्या ट्राबेल्सी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सोळा बॉडीबिल्डर रमजानभर पाहिले. निम्म्यांनी रोज्यात दुपारनंतर व्यायाम केला, निम्म्यांनी रात्री खाल्ल्यावर. दोन्ही गटांत वजन आणि शरीराची घडण टिकली. अभ्यास लहान आहे, पण नीट जेवणाऱ्याचे स्नायू महिनाभराच्या रोज्याने झडतात या भीतीला तो आधार देत नाही.

मग रात्र कशी मांडायची ते एका ताटावर पाहू. समजा, जुबैलच्या कॅम्पात राहणारा, रात्री जिमला जाणारा, सत्तर किलोचा फिटर आहे. त्याला दिवसाला 112 ग्रॅम हवेत. खोलीत चौघे, फ्रिज एक, स्वयंपाक मेसचा. इफ्तारला तीन खजूर (त्यांत प्रथिन नावालाच), पाव लिटरहून थोडं कमी लबन, म्हणजे तिथलं ताक, आणि वाटीभर फूल, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची ती जाडसर उसळ. लबनचे सहा-सात, फूलचे चौदा-पंधरा, झाले वीस. हे त्या देशातलं स्वस्त आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं खाणं आहे, आणि आपल्या तक्त्यांत ते जवळजवळ कधीच नसतं. रात्री जिमहून आल्यावर मेसमधला भात आणि हाडं वगळून सव्वाशे ग्रॅम कोंबडी: तीस-बत्तीस ग्रॅम. त्या दिवशी व्यायामानंतरचं प्रथिन ते हेच, वेगळं काही नको. सहेरीला तीन अंडी, दह्याचा कप, दोन पोळ्या: आणखी तीस. भात-रोटीतले पंधराएक धरले की बेरीज सत्त्याण्णवच्या आसपास येते. उरलेल्या पंधरासाठी झोपण्याआधी पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे. हिशेब पुरा झाला आणि पावडरीचा डबा उघडावा लागला नाही.

कोकणातल्या माणसाला मासळी हवीच असते. कतीफचा मासळीबाजार त्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे, आणि तिथे 'कनद' म्हणून विकली जाते ती आपली सुरमई. शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं, तेही तळल्याशिवाय. घरून कुळथाचं पीठ नेणारी माणसं आहेत. त्यांना ते सहेरीला पिठलं करून खायला सांगा. शाकाहारी घरांची अडचण जरा जास्त आहे. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच मिळतात, आणि 'आम्ही रोज डाळ खातो की' हे वाक्य प्रत्येक आहारतज्ज्ञाने ऐकलेलं असतं. तिथे पनीर, लबने (पाणी काढलेलं घट्ट दही), साधं दही आणि सोयाबीनच्या वड्या कामाला येतात. सोयावडीत कोरड्या वजनाच्या निम्मं प्रथिन असतं. हे सगळं रियाधच्या बथ्था भागात किंवा कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मिळतं.

व्यायाम कधी करावा, हा पुढचा प्रश्न. इफ्तारच्या आधीचा तास अनेकांना आवडतो, कारण लगेच जेवण मिळतं. हलक्या वजनांना आणि चालण्याला तो चालेल. पण दिवसभर पाणी नसलेल्या अंगाने जड स्क्वॉट, डेडलिफ्ट करायला लावणं आम्हाला मान्य नाही. दिवसा उघड्यावर काम केलेल्या माणसाला तर मुळीच नाही. त्याचा अर्धा व्यायाम साइटवरच झालेला असतो, हे ट्रेनरने मोजायला हवं. जड दिवस इफ्तारनंतर दोन-तीन तासांनी ठेवा. रमजानात तिथली बरीच जिम रात्री उशिरापर्यंत उघडी असतात.

पाण्याबद्दल आपण फार कमी बोलतो. त्या कोरड्या उष्म्यात लघवी दाट होते, मुतखड्याची भीती वाढते. त्यात मांसाहारी प्रथिन अचानक दुप्पट केलं तर लघवीतलं कॅल्शियम आणि युरिक आम्ल वाढतं, सायट्रेट कमी होतं. ज्याला एकदा खडा होऊन गेला आहे त्याला दोन स्कूप सांगणारा माणूस त्याला पुन्हा हॉस्पिटलच्या वाटेला लावू शकतो. इफ्तार ते सहेरी पाणी थोडं थोडं, ठरवून प्यायला सांगा. व्यायामाआधी आणि नंतर वजन करायला सांगा. किलोभर उतरलं असेल तर ते पाणी आहे, चरबी नाही.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत हयगय नको. आपल्या लोकांत दोन्ही लवकर येतात, आणि परदेशात एकट्या राहणाऱ्या पुरुषाची तपासणी पुढे ढकलली जाते. प्रथिन वाढवण्याआधी क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहायला हवं. क्रिएटिन घेणाऱ्याचं, भरपूर स्नायू असलेल्याचं क्रिएटिनीन थोडं जास्त येतं; घाबरवू नका, शंका असेल तर सिस्टॅटिन सी करायला सांगा. मूत्रपिंडाचा विकार मध्यम किंवा त्यापुढचा असेल तर दर किलोमागे 0.8 ग्रॅमची मर्यादा धरायची आणि निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याने रोजा धरायचा की नाही, हे ठरवायला मधुमेह आणि रमजानसाठीची आयडीएफ-डारची 2021 ची जोखीम-मोजणी उपलब्ध आहे. ती डॉक्टरांकडून करून घेतल्याशिवाय त्याला रमजानाचा व्यायाम लिहून देऊ नये.

राहिला डबा. पावडर वाईट नाही. ज्याच्या मेसमध्ये रात्री फक्त भात उरतो, त्याला एक स्कूप खरोखर उपयोगी पडतो. पण डबा कुठला ते पाहा. 2024 मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रथिन होतं, आणि काहींत अफ्लाटॉक्सिनही सापडलं. सुट्टीवरून परत जाताना बॅगेत असे डबे जातात. सौदीत 2003 पासून अन्न आणि औषध प्राधिकरण आहे. तिथे नोंदलेलं उत्पादन तिथल्याच दुकानातून घेणं बरं. हलालचा प्रश्न अशिलाने विचारण्याची वाट पाहू नका. कॅप्सूलचं जिलेटिन आणि व्हेसाठी वापरलेलं रेनेट कुठलं, हे आपणच लेबलवर पाहून सांगावं.

आणि ट्रेनरला विक्रीमागे कमिशन मिळत असेल तर ते अशिलाला सांगायला हवं. हजारो किलोमीटर दूर बसलेला माणूस घरी पैसे पाठवून उरलेल्या रियालमधून डबा घेत असतो. त्याच्या पगाराचा केवढा हिस्सा त्यात जातो, हे विचारणं आहारसल्ल्याच्या बाहेरचं नाही.

पहिल्या कॉलवर काय विचारायचं याचा एक नमुना-अर्ज पुढच्या अंकात छापत आहोत. कामाची पाळी, झोपेच्या वेळा, मेस की स्वतःचा स्वयंपाक, फ्रिज किती जणांत, उघड्यावर काम की आत, मागच्या वर्षीचे रोजे कसे गेले, खडा झाला होता का, औषधं कोणती, आणि मग शेवटी वजन. सौदीतल्या अशिलांबरोबर काम करणाऱ्या वाचकांनी आपापले रमजानाचे तक्ते, नावं काढून, शाबान, म्हणजे रमजानआधीचा महिना, संपायच्या आत पाठवावेत. ज्या वेळा आणि जी ताटं प्रत्यक्षात पाळली गेली, ती आम्हाला विशेष हवी आहेत.