बंद टॉकीज म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे

(१/१२) तालुक्याच्या गावातील टॉकीज बंद पडले की त्याकडे दोनच दृष्टींनी पाहिले जाते: जुनी आठवण किंवा मोक्याची जागा. तिसरी दृष्टी क्वचित पुढे येते, ती म्हणजे गावाचे नाट्यगृह. शहापूर-मुरबाडच्या संदर्भात या तिसऱ्या दृष्टीचा इतिहास आणि तिची बाजू मांडणारा हा थ्रेड.

(२/१२) प्रारंभ उलट्या प्रवासापासून करावा लागतो. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. संगीत नाटकाचे गाणे आणि गोष्ट ही दोन्ही आकर्षणे पडद्यावर अल्प दरात मिळू लागली. नट, साथीदार, आचारी आणि सीनसीनरी घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळींना ही स्पर्धा झेपणारी नव्हती.

(३/१२) १९३५ हे साल या बदलाची खूण ठरावे. बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची भूमिका केली ती याच वर्षी. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस चित्रपटगृह झाले तेही याच वर्षी. नट पडद्याकडे गेला आणि त्याच्यामागोमाग इमारतही गेली.

(४/१२) ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले होते. चित्रपटगृह म्हणून ते १९९३ पर्यंत चालले आणि मग बंद पडले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ते पुन्हा रंगमंच म्हणून उघडले. म्हणजे टॉकीजचे नाट्यगृह होणे ही कविकल्पना नाही. ते ठाणे जिल्ह्याच्या शेजारी घडलेले आहे.

(५/१२) मात्र शहापूरने डोळ्यांसमोर ठेवावा असा आदर्श कोल्हापूरचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानालगत पॅलेस थिएटर उभारले. कुस्तीचे मैदान आणि नाटकाचे घर एकाच आवारात! पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले.

(६/१२) ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ही वास्तू आगीत सापडली. तेव्हा शहराने केवळ शोक केला नाही, ती पुन्हा उभारण्याची मागणी केली. ऑपेरा हाऊस तगले ते मालकाच्या इच्छेमुळे आणि ऐपतीमुळे. कोल्हापूरकर बोलू शकले, कारण ते घर त्यांचे होते. मालकी कोणाची, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

(७/१२) आता शहापूर-मुरबाड. या भागात करमणुकीचे घर मुळात फिरते होते. पौष पौर्णिमेला भरणारी मुरबाड तालुक्यातील म्हसा यात्रा घ्या: बैलबाजार, घोंगड्या, मिठाईची दुकाने आणि तमाशाचे फड. महाराष्ट्रभरच्या अशा जत्रांतून टुरिंग टॉकीजचे तंबूही लागत. पावसाळा आला की तंबू गुंडाळला जाई.

(८/१२) पक्क्या टॉकीजने या करमणुकीला छप्पर आणि पत्ता दिला. देवळात सर्वांना सारखी जागा नव्हती, चावडीवर बायका बसत नव्हत्या. टॉकीजमध्ये निदान नियमाने तिकिटाचा दर बैठक ठरवी, जन्म नव्हे. पुढे घरोघरी दूरदर्शन आले, मग व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स आणि अखेर मोबाइल. छप्पर राहिले, प्रेक्षक पांगला.

(९/१२) आज येथील कुटुंबाला व्यावसायिक नाटक पाहायचे तर कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन गाठावे लागते. शहापूरकराला निदान आसनगाव स्थानक आहे. मुरबाडला रेल्वेच नाही. रात्रीच्या प्रयोगानंतर घरी परतणे हा स्वतंत्र अंक असतो. तानसा आणि भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांचे पाणी मुंबईला जाते. त्या बदल्यात नाटक तरी येथवर यावे, ही मागणी अवाजवी नाही.

(१०/१२) टॉकीजचे नाट्यगृह होते कसे? उतरती जमीन, बाल्कनी, तिकीटखिडकी आणि बाहेर पडण्याचे दरवाजे आयतेच असतात. ऑपरेटरची केबिन प्रकाशयोजनेला देता येते. उणीव असते ती पडद्यामागे: खोल रंगमंच, विंगा, रंगपटाच्या खोल्या, स्त्री-कलाकारांसाठी स्वच्छतागृह. पुढच्या काही रांगा काढून मंच पुढे आणता येतो. खर्च आहे, पण पाया आणि भिंती नव्याने घालाव्या लागत नाहीत.

(११/१२) आक्षेप ठरलेला आहे: "इथे नाटक बघणार कोण?" १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा महानगरांबाहेरच्या हौशी संघांच्या जिवावरही उभी आहे. शिवाय केवळ नाटकावर ही वास्तू चालवूच नये. शाळांची स्नेहसंमेलने, भजनस्पर्धा, व्याख्याने, ठाकरांचा कांबडनाच आणि रविवारी एखादा चित्रपट, असे वर्षभराचे वेळापत्रक हवे. कुलूपबंद स्मारकापेक्षा गजबजलेले सभागृह अधिक टिकते.

(१२/१२) समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा काळात मालकाने तोटा सोसून वारसा सांभाळावा, अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. म्हणूनच नगरपंचायतीने रास्त मोबदला देऊन किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने अशी वास्तू घ्यावी. सभागृहाचे दर ठरवताना गावातल्या हौशी मंडळाला ते परवडतील हे आधी पाहावे. प्लॉट पुन्हा विकत घेता येईल. शेकडो माणसांना एका अंधारात शेजारी बसवणारी जागा एकदा पाडली, की तालुक्याच्या गावात ती सहसा पुन्हा उभी राहत नाही.